सुनेला ‘बाहेरचे’ झाले म्हणता?



आज पिकाचे नाही, घरातल्या माणसाचे बोलायचे आहे. सोनाळ्याला तुरीच्या मर रोगावर बैठक झाली. सारे उठल्यावर एक गृहस्थ हळूच जवळ आले. म्हणाले, “साहेब, सुनेले बाहेरचं झालं. एकदम पडते, दातखीळ बसते, मंग दुसऱ्याच आवाजात बोलते. मागून इचारलं तर तिले काहीच आठवत नाई.”

पूर्वी अशाच एका घरी मी “कामाचा कंटाळा, दुसरे काय!” असे बोलून गेलो होतो. ती बाई त्यानंतर कोणाशीच मोकळी बोलेना. ती चूक मला अजून बोचते.

मर लागलेल्या तुरीची पाने पिवळी पडतात, पण रोग मुळात असतो. पानांवर कितीही फवारा, उपयोग नाही. मनाचेही तसेच आहे. मार, अत्याचार, सततचा धाक असे काही सोसवेनासे झाले, की मन कधी कधी त्या दुःखापासून स्वतःला तोडून घेते. डॉक्टर याला डिसोसिएटिव्ह विकार म्हणतात. हे नाटक नाही आणि भूतही नाही. देवकार्यात अंगात येणारा प्रत्येक जण आजारी असतो असेही नाही. पण नको असताना, पुन्हा पुन्हा घडते आणि संसार अडतो, तेव्हा उपचार हवा.

मग जावे कोठे? आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. झटके मिरगीचे नाहीत ना, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तेथून बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे. घरूनच विचारायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते.

या विकारावर मुख्य औषध म्हणजे बोलणे. जोडीला उदासी किंवा झोपेची तक्रार असेल, तर डॉक्टर गोळ्याही देतात. चांगला उपचारक कसा ओळखावा? तो रोग्याशी एकट्याने बोलतो. पहिल्याच दिवशी जुनी जखम उकरत नाही. आधी स्वतःला सावरायला शिकवतो. ‘एका बैठकीत बरे करतो’ असे म्हणत नाही. महिने लागतात. एकाशी मन जुळले नाही, तर दुसरा शोधा. त्यात कमीपणा नाही.

आपल्या जिल्ह्यात सैलानीला लांबलांबून माणसे आणतात. श्रद्धेला माझी हरकत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दुव्याबरोबर दवाही मिळू लागली. पण साखळी नको, मार नको, चप्पल हुंगवणे नको. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळीने बांधलेल्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

ते गृहस्थ सुनेला घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवले आणि सून तासभर आत बोलली. काय बोलली, ते त्यांनी विचारले नाही. झटके अजून येतात, पण कमी. परवा ते म्हणाले, “साहेब, आता ती घरात बोलते, आन् आमी आयकतो.”

तुमच्या घरी कोणी असे गप्प झाले असेल, तर पेरणीची वाट पाहू नका. याच आठवड्यात निघा.