ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत नाही : गावठाणाच्या मोजणीत फूट-दीड फूट नेमकं कुठं जातं?

उचगाव (ता. करवीर) : कोल्हापूर शहराला खेटून असलेल्या या गावात जागेचा भाव आता गुंठ्यावर राहिलेला नाही, तो चौरस फुटावर आलाय. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची बाजारपेठ, त्यात हद्दवाढीच्या प्रत्येक चर्चेत गावाचं नाव. अशा ठिकाणी मिळकत पत्रिकेवर दहा-पंधरा चौरस मीटर इकडचे तिकडे झाले, तर फरक लाखात जातो. आणि आजकाल गावठाणाची मोजणी साखळी ओढून होत नाही, ती आकाशातून काढलेल्या फोटोंवरून होते.

केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. भारतीय सर्वेक्षण विभाग, भूमी अभिलेख खातं आणि ग्रामविकास विभाग हे काम मिळून करतात. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या, त्यात महाराष्ट्रही होता. पत्रिका हातात आली की कर्ज, वाटणी, खरेदी-विक्री सोपी होते, हे खरंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे, हे बँकेच्या दारात गेल्यावरच अनेकांना कळतं. पण पत्रिकेवरचं क्षेत्र कुठून आलं, हे विचारणारे कमी.

ते येतं फोटोग्रामेट्रीतून. एकच जागा वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपलेल्या अनेक फोटोंत शोधायची आणि त्यावरून तिचं खरं स्थान गणिताने काढायचं, असं हे शास्त्र. नवीन नाही. जर्मनीत मायडेनबावर नावाच्या वास्तुविशारदाने १८५८ मध्ये वेट्झलारच्या चर्चची मापं घेताना पडून मरता मरता वाचल्यावर इमारती फोटोवरून मोजायची कल्पना धरली. आज तेच काम ड्रोन करतो. शंभर मीटर उंचीवरून नेहमीच्या सर्व्हे ड्रोनच्या कॅमेऱ्यात फोटोचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण पावणेतीन सेंटिमीटर. जमिनीवर नेमक्या मोजलेल्या खुणा असतील तर नकाशा पाच सेंटिमीटरच्या आसपास बरोबर येतो. साखळीच्या काळाशी तुलना केली तर हे फारच चांगलं.

मग घोळ कुठं होतो? कॅमेऱ्यात नाही. वळचणीत.

ड्रोन वरून बघतो. त्याला दिसते ती पत्र्याची, कौलाची कड. भिंत तिच्या आत असते, आणि वरून ती दिसतच नाही. जुन्या गावठाणातली घरं कौलारू, सोप्याला पुढं पडवी, मागं परड्यात गोठ्याचा पत्रा. समजा घर भिंतीपासून भिंतीपर्यंत २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. छप्पर चारही बाजूंनी दीड फूट बाहेर आहे. छपराच्या कडेवरून नकाशा काढला तर माप होतं २३ बाय ३३, म्हणजे ७५९ चौरस फूट. चौरस मीटरमध्ये ५५.७ चे झाले ७०.५. पावसाच्या पागोळ्या पडतात त्या पट्ट्यानं क्षेत्र सव्वीस टक्क्यांनी फुगलं!

मालक म्हणेल, बरंच झालं की. पण शेजाऱ्याचंही छप्पर तसंच बाहेर असतं. दोन्ही घरं छपरापर्यंत धरली तर मधला तीन फुटांचा बोळ नकाशावरून गायब होतो. गटार कुणाच्या जागेतून जातं, भिंतीला गिलावा करायला कुठं उभं राहायचं, ही भांडणं तिथून सुरू होतात. उलटंही होतं. परड्याची मोकळी जागा पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत आहे, पण कुंपण नाही, खूण नाही. फोटोत ती नुसती मोकळी जमीन दिसते. ती कुणाची, हे फोटो सांगू शकत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम ड्रोन उडायच्या आधीचं आहे: चुन्याची फक्की. मोजणीच्या पद्धतीतच हे आहे की उड्डाणाआधी ग्रामसभा घेऊन माहिती द्यायची आणि मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखायच्या. गावोगाव हे काम शिपायावर आणि एखाद्या पोरावर सोडलं जातं आणि घरमालक कामावर जातात. मग फक्की छपराखाली, नाहीतर झाडाखाली पडते, आणि कॅमेऱ्याला तिचा पत्ताच नसतो.

फक्कीची रेघ निदान चार इंच रुंद हवी. एक ठिपका पावणेतीन सेंटिमीटरचा, त्यामुळं बोटभर रेघ फोटोत धूसर होते. नुसती रेघ मारण्यापेक्षा हद्दीच्या प्रत्येक वळणावर अधिकचं चिन्ह काढलं तर कोपरा नेमका सापडतो. कोपरा वळचणीखाली असेल तर छपराच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, तो जिथं टेकेल तिथून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने घ्यायचं आणि ते मोजणी कर्मचाऱ्याला लिहून द्यायचं. गवंड्याला हे सांगावं लागत नाही, तो रोज तेच करतो. नारळाखालच्या कोपऱ्यासाठी जवळच्या दोन उघड्या, पक्क्या जागांपासूनची अंतरं घेतली की भागतं. आणि हे सगळं शेजाऱ्याला समोर उभं करून. त्याच्या गैरहजेरीत मारलेली फक्की रात्रीत पुसली जाते, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट उंच घरांची. फोटोच्या मधोमध असलेलं घर सरळ दिसतं, कडेचं घर बाहेर कललेलं. शंभर मीटर उंचीवर उडणाऱ्या ड्रोनच्या बरोबर खालच्या जागेपासून ४० मीटरवर सहा मीटर उंचीचं दुमजली घर असेल, तर त्याच्या गच्चीची कड एकट्या फोटोत सुमारे अडीच मीटर बाहेर सरकलेली दिसते. म्हणून तर फोटो एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढवून घेतात आणि संगणकावर ही कल काढून टाकतात. ती कितपत निघाली, हे नकाशा बघून कळतं. गच्चीची कड नागमोडी, तुटक दिसत असेल, किंवा घराची एक भिंत वरूनसुद्धा दिसत असेल, तर त्या घराचं माप जमिनीवर येऊन तपासून मागावं. नकाशा पक्का होण्याआधी प्रत्यक्ष जागेवर पडताळणीचा टप्पा असतोच. त्या दिवशी घरी थांबावं, रजा पडली तरी.

टेपने स्वतः पडताळा घेताना बहुतेक लोक चार बाजू मोजतात आणि लांबी-रुंदीचा गुणाकार करतात. गावठाणातली जागा क्वचितच काटकोनात असते. २० बाय ३० ची जागा काटकोनात असेल तर कर्ण ३६ फुटांना किंचित जास्त भरतो. बाजू तेवढ्याच राहून कर्ण ३२ फूट आला, तर क्षेत्र ६०० नव्हे, ५८४ चौरस फूट. त्यामुळं कर्ण घेतल्याशिवाय पत्रिका चुकली असं कुणी ओरडू नये. टेपही पोलादी घ्यावा, कापडी टेप ताणला की वाढतो.

‘मग आपणच ड्रोन आणून उडवू’ असंही काही जण म्हणतात. लग्नाचं शूटिंग करणारे ड्रोनवाले आता गावात आहेतच. उचगावात हा विचार सोडलेला बरा. उजळाईवाडीचं विमानतळ इथून काही किलोमीटरवर आहे आणि ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. शिवाय जमिनीवर नेमक्या मोजलेल्या खुणा नसतील तर तो फोटो सुंदर असेल, पुरावा नसेल.

मोबाइलचं मात्र तसं नाही. बांधकामाच्या जागी पडलेला मुरूम किती ब्रास, यावरून ट्रॅक्टरवाल्याशी होणारी हुज्जत मोबाइलच्या फोटोंनी मिटू शकते. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. ढिगाभोवती दोन फेऱ्या मारायच्या, एक खालून, एक हात वर करून, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तीन चतुर्थांश भाग यायला हवा. झूम करायचं नाही, मधेच लेन्स बदलायची नाही. दुपारच्या कडक उन्हापेक्षा ढगाळ हवा चांगली. ओला, चकाकणारा ढीग टाळावा.

खरी मेख मापाच्या काठीत आहे. फोटोला स्वतःहून लांबी कळत नाही, कोणीतरी ती सांगावी लागते. ढिगाशेजारी बरोबर दहा फुटांच्या दोन काठ्या ठेवाव्यात, एक माप देण्यासाठी, दुसरी तपासण्यासाठी. पहिल्या काठीत अडीच इंच चुकले, तर लांबीत दोन टक्के चूक होते, पण घनफळात सहा टक्के. शंभर ब्रासच्या ढिगात सहा ब्रास हवेतच. दुसरी काठी संगणकावर दहा फूट भरली नाही, तर हिशेब तिथंच थांबवावा. आणि ढिगाखालची जमीन कॅमेऱ्याला कधीच दिसत नाही. खड्ड्यावर माल ओतणार असतील तर आधी मोकळ्या जागेचे फोटो घेऊन ठेवावेत.

पुन्हा पत्रिकेकडे. चौकशीच्या वेळी हरकत घ्यायची असेल तर ‘क्षेत्र कमी लागलंय’ एवढंच लिहून उपयोग होत नाही. कोणती बाजू, भिंतीपासून किती, छपरापासून किती, कर्ण किती, आणि शेजाऱ्याची सही, असं लिहिलेला अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे टिकतो. सामाईक भिंत असेल तर तिची जाडीही लिहावी. दगड-मातीची दोन फुटी भिंत कुणाच्या बाजूला धरली, यावर तीस फूट लांबीत साठ चौरस फूट फिरतात. भावकीतली तोंडी वाटणी तर कुठल्याच फोटोत येत नाही, तिचा कागद चौकशी अधिकाऱ्यापुढं ठेवावाच लागतो. निर्णय मान्य नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली अपील करता येतं. जिल्हा अधीक्षकांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर त्याची मुदत ६० दिवसांची असते. आदेशाची नक्कल पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी.