पडदा कोरडा पडता कामा नये

छात्र मित्रांनो,

१० मे २०२५ रोजी आमच्या रायपूरमध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या एका मालट्रकला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. खाणीतील कोळसा वाहण्यासाठी केलेला हा ट्रक ४० टन माल घेऊन २०० किलोमीटर जाऊ शकतो. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये लडाखमधील चुशूल येथे लष्करासाठी एनटीपीसीच्या सौर-हायड्रोजन वीज प्रकल्पाची पायाभरणी झाली. दिवसा सूर्याच्या विजेवर पाण्यापासून हायड्रोजन करायचा, साठवायचा आणि रात्री त्यातून पुन्हा वीज घ्यायची. डिझेलचे टँकर घाटात न चढवता चौकीला चोवीस तास २०० किलोवॉट वीज मिळावी, हा त्यामागचा हेतू.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे लक्ष्यही मोठे आहे : २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. सगळीकडे चर्चा चालते ती या टनांची आणि कोटींची. माझे मत असे, की या सगळ्याचे यश एका पातळ पडद्यावर आणि तो सांभाळणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. त्या माणसाची तयारी मात्र आपण अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही.

पाण्याचे विद्युत अपघटन तुम्ही प्रयोगशाळेत केले आहे. दोन परीक्षानळ्या, बॅटरी, एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन. कारखान्यातील इलेक्ट्रोलायझर हेच काम करतो. त्याच्या एका प्रमुख प्रकारात दोन्ही वायूंच्या मध्ये प्लॅस्टिकसारखा एक पडदा असतो, ज्याला मेंब्रेन म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी. धन प्रभारित हायड्रोजनचे आयन या पडद्यातून पलीकडे जातात, पण ते पाण्याच्या आधारानेच. पडदा ओला असेल तर वाट मोकळी. कुठे कोरडा पडला तर तेथे रोध वाढतो, ती जागा तापते, तापली की आणखी सुकते आणि शेवटी तेथे छिद्र पडते. ट्रकमधल्या फ्युएल सेलमध्येही असाच पडदा असतो. तेथे दुसरीही अडचण आहे : पाणी जास्त साचले तर वायूची वाट बुजते. म्हणजे ओलावा हवा, पण बेताचा.

आता उष्णतेचे पाहू. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि हिशेबाप्रमाणे साधारण ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट जातात. वरच्या विजेपैकी बरीचशी उष्णता होऊन बसते. यंत्र साधारण ५० ते ८० अंशांवर चालवतात. तापमान वाढवले तर वीज कमी लागते, पण पडदा मऊ पडतो आणि लवकर झिजतो. मे महिन्यात पंडरीच्या कापड बाजारात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा ही उष्णता बाहेर टाकायला थंड हवा आणायची कुठून? उलट चुशूलला समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर उंचीवर हिवाळ्यात उणे ३० अंश. तेथे यंत्र बंद पडले आणि पाणी आतच राहिले, तर ते गोठून पडदा व नळ्या दोन्ही जाण्याची भीती. एकच यंत्र, दोन शत्रू.

पाणीही कुठलेही चालत नाही. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि गंजलेल्या नळीतील लोह पडद्यात जाऊन आयनांच्या जागा अडवून बसतात. म्हणून पाणी आधी आयनमुक्त करावे लागते आणि त्याची शुद्धता रोज तपासावी लागते.

हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. सूर्याची वीज ढग आला की कमी होते. वीज कमी झाली की वायू कमी तयार होतो, पण पडद्यातून पलीकडे झिरपणारा वायू जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे मिश्रणातील त्याचे प्रमाण वाढते. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरे. दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे २३ मे २०१९ रोजी हायड्रोजनच्या टाकीचा स्फोट होऊन दोघे मृत्युमुखी पडले, सहा जण जखमी झाले. तेथील इलेक्ट्रोलायझर वेगळ्या प्रकारचा होता, पण कारण याच जातीचे : सौर विजेवर यंत्र कमी क्षमतेने चालले आणि हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळत गेला.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे संगणक पाहतो, सेन्सर आहेत, यंत्र आपोआप बंद होते.’ खरे आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण सेन्सरही बिघडतो. इशारा आल्यावर तो खरा की खोटा हे ठरवायला माणूस लागतो. रस्ता बर्फाने बंद असताना चुशूलला कंपनीचा अभियंता पोहोचणार नाही. तेथे जो जवान असेल, त्यालाच निर्णय घ्यावा लागेल.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली, असे यंत्र विकत घेताना ते जेथे बसणार तेथल्याच उन्हात किंवा थंडीत, कमी-जास्त विजेवर चालवून पाहावे आणि मगच ताब्यात घ्यावे. दुसरी, आयटीआय, तंत्रनिकेतने आणि सैनिकी प्रशिक्षणात हे यंत्र चालवण्याचे स्वतंत्र शिक्षण असावे : पाण्याची शुद्धता, प्रत्येक सेलचा व्होल्टेज, आत-बाहेरचे तापमान यांची रोजची नोंद आणि ती वाचण्याची समज. व्होल्टेज हळूहळू चढत असेल तर पडदा काहीतरी सांगतो आहे, हे कळायला पदवी लागत नाही, शिस्त लागते.

ती शिस्त तुमच्याकडे आहे. रायफल रोज साफ करायची असते, गोळी झाडली असो वा नसो. कूच करण्याआधी पाण्याची बाटली भरलेली आहे का, हे पाहायचे असते. उद्या तुमच्यापैकी कोणी सीमेवरच्या चौकीत अशा यंत्राशेजारी ड्यूटीवर असेल. तेव्हा बाहेर बर्फ असेल, आत दिवा जळत असेल, आणि तो जळत राहणे तुमच्या नोंदवहीवर अवलंबून असेल. रसायनशास्त्राचा तो धडा केवळ गुणांसाठी वाचू नका.

पंडरी, रायपूर