चाकोरीतला वेग

शर्यत म्हटली की धसमुसळेपणा आलाच, ज्याला धक्का सोसत नाही त्याने मैदानात उतरू नये, असा पूर्वपक्ष मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारापासून सांगली-साताऱ्याच्या माळरानांपर्यंत बैलगाडी शर्यतींचे काही शौकीन अभिमानाने मांडतात. या मताची तीन अंगे आहेत : चाबकावाचून बैल पळत नाही, शेजारची गाडी दाबल्यावाचून पुढे निघता येत नाही, आणि नियमांचा जाच आला की खेळाचा जीव जातो.

यांतील शेवटच्या आक्षेपाचे उत्तर न्यायालयीन इतिहासातच असल्याने ते आधी घेणे सोयीचे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू या तमिळनाडूतील बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्याने प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, तरी उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे गाड्या उभ्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. हा निकाल केवळ परंपरेच्या अभिमानावर उभा नाही. नव्या तरतुदींनी जनावराच्या यातना बऱ्याच अंशी कमी होतात हा त्याचा मोठा आधार आहे, आणि नियम काटेकोर पाळले जावेत असेही पीठाने बजावले आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, १,००० मीटरांची कमाल मर्यादा, चाबूक, काठी व विजेचा झटका यांना मज्जाव, आणि उल्लंघनास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, या अटींनी खेळ मारला असे म्हणणाऱ्याने २०१४ नंतरची सात वर्षे आठवावीत.

दाबादाबीच्या समर्थनाचा विचार करताना मोटारींच्या जगातील कार्टिंगकडे पाहणे उद्बोधक ठरते. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स याने गवत कापणीच्या यंत्राच्या इंजिनावर पहिले कार्ट तयार केले. आज हा खेळ कोल्हापुरापर्यंत पोचला असून तेथील मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीलगत धावणारी, स्प्रिंगा नसलेली, उघड्या चाकांची छोटी मोटार. तिच्या चालकाला कमरपट्टा नसतो, जसा छकड्यावरच्या, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीवरच्या, गाडीवानालाही नसतो. पुढच्या कार्टच्या मागच्या चाकाचा पाठभाग फिरताना वर उचलला जात असतो, त्याला मागच्याचे पुढचे चाक टेकले तर ते त्यावर चढते आणि सारी गाडी उधळते. म्हणून तेथे धक्का ही मर्दुमकी समजली जात नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१५ पासून पुढचा बंपर असा बसवतात की मागून ठोकर दिल्यास तो आपोआप खाली पडतो आणि चालकाच्या वेळेत शिक्षेचे सेकंद मिळवले जातात. हेतू काय होता या वादात पंचांना पडावेच लागत नाही, ही त्यातील खरी युक्ती.

छकड्याचे चाक शेजारच्या चाकात अडकले तर परिणाम याहून भयंकर होतो, कारण जुवाला जखडलेल्या चार बैलांना बाजूला उडी मारण्याचीही सोय नसते. शिवाय दाबून मिळवलेला पहिला क्रमांक बैलांच्या वेगाची साक्ष देत नाही, हाकणाऱ्याच्या आडदांडपणाची देतो. आणि ज्या बाजारात खोंडाची किंमत मैदानातील कामगिरीवर चढते, तेथे असे खोटे माप शेवटी मालकांनाच महाग पडते.

चाबकाच्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. सोलापूर-सांगली-साताऱ्याच्या कोरड्या मुलखातले खिलार जनावर चपळाईसाठीच नावाजलेले आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कडबा खाऊन वाढलेली जोडी सरावाने हाळीवर पळते. जिला मारल्याखेरीज पाय उचलवत नाही, ती जोडी तयार नाही एवढेच त्यातून सिद्ध होते.

मात्र एक आक्षेप प्रामाणिक आहे : कार्ट वळवल्याखेरीज वळत नाही, बैलाला मात्र स्वतःचे मन असते, तेव्हा तो बुजून आडवा गेला तर गाडीवानाचा दोष काय? दोष त्या क्षणाचा नसेलही, पण गर्दीला, भोंग्याला, शेजारच्या गाडीला न सरावलेला बैल झेंड्यापाशी उभा करण्याचा निर्णय माणसाचाच असतो. म्हणून चाकोरी, म्हणजे प्रत्येक गाडीला आखून दिलेली वाट, सुटली की कारण न विचारता गाडी बाद ठरवावी. कासरा, म्हणजे बैल आवरण्याचा दोर, हाच गाडीवानाचा ब्रेक असल्याने अंतिम रेषेपलीकडे गाडी आवरण्याइतके मोकळे रान राखावे आणि तेथे प्रेक्षकांना उभे राहू देऊ नये. चाकोरीच्या दोन्ही कडांवर चुना ओतला तर चाकाची खूण उमटते, आणि निकालानंतर पंचाभोवती जमणाऱ्या घोळक्याला ती बोटाने दाखवता येते.