खेळाडू कुठला, हे विचारण्याआधी

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. तिकडे पुण्यात बालेवाडीला प्रो कबड्डीचा अंतिम सामना रंगला होता आणि इकडे मंद्रूपच्या चौकात, चहाच्या टपरीवर, एका मोबाईलभोवती आम्ही आठ-दहा मित्र डोकी खुपसून उभे होतो. हरियाणाने पाटण्याला नमवून विजेतेपद मिळवले. हरियाणाच्या संघात मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी गडी होता. त्याला पाहून आमच्यातला एक जण उसळलाच. "ह्योच गडी गेल्या हंगामात पुण्याकडनं खेळला होता की! तवा पुण्याला जिंकून दिलं, आता पुण्यातच येऊन हरियाणाला जिंकून देतोय. असल्या भाड्याच्या गड्यांचं काय कौतुक? पुण्याच्या संघात आपली पोरं पाहिजेत!"

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आपण फार घाईने मान डोलावली.

आपण सोलापूर-विजयपूर रस्त्यावरची माणसे. आपल्याकडे एकाच ओसरीवर मराठी आणि कन्नड दोन्ही नांदतात. आपल्या भागातल्या यात्रांत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा सीमेपलीकडचे पैलवानही लांग कसून उतरतात. त्यांच्यासाठी हलगी काही हळू वाजत नाही. कुस्ती पुकारणारा मात्र एक गोष्ट आवर्जून करतो. तो पैलवानाचे नाव सांगतो, गाव सांगतो आणि लगेच त्याची तालीम आणि वस्तादही सांगतो. म्हणजे जन्म कुठला आणि घडला कुठे, या दोन्ही गोष्टींना तो सारखाच मान देतो. आम्हा टपरीवरच्या पंडितांपेक्षा तो शहाणा म्हणायचा!

महाराष्ट्राच्या कुस्तीचा इतिहास तरी दुसरे काय सांगतो? राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधून घेतले, ते 1912 साली खुले झाले. गामाचे बंधू इमामबक्ष यांच्यासारखे पंजाबी मल्ल त्या मातीत लढले. ते पाहून इथल्या पोरांनी डावपेच उचलले. पुढे 1966 साली महाराष्ट्र केसरीचा मान दीनानाथ सिंह यांनी मिळवला. ते मूळचे उत्तर प्रदेशचे, पण घडले कोल्हापूरच्या तालमीत. कोल्हापूरकरांनी त्यांना परके मानले नाही. मग त्याच मापाने इराणी गड्याला का मोजू नये?

कोणी म्हणेल, कुस्तीचे सोडा, कबड्डी तर आपली, आपल्या मातीतली! खरे आहे. या खेळाचे नियम पहिल्याने बांधले गेले ते महाराष्ट्रात आणि बडोद्यात. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो जगाला दाखवला. पण दाखवायचा म्हणजे दुसऱ्याने शिकायचा, आणि शिकलेला कधीतरी गुरूला हरवणारच. ऑगस्ट 2018 मध्ये जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपान्त्य फेरीत आपल्याला 27-18 असे हरवले आणि त्यांच्या महिलांनी अंतिम सामन्यात 27-24 असे. त्या इराणी महिलांच्या प्रशिक्षक कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! एक मराठी बाई इराणच्या मुलींना सुवर्णपदक मिळवून देते, याचा आपण अभिमान बाळगायचा आणि इराणचा गडी पुण्याच्या मैदानात आला की त्याला भाड्याचा म्हणायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

शिवाय माझ्या मित्राचा हिशेबही चुकतो. संघात परदेशी खेळाडू असतात मोजकेच. बाकीचे आपल्याच देशातले, आणि त्यांत हरियाणाच्या खेड्यापाड्यांतली पोरे पुष्कळ. तिथे खेळाला गावकीचे पाठबळ आहे आणि पदक आणणाऱ्याला सरकारकडून बक्षीस व नोकरी मिळते. मंद्रूपच्या मुलाची जागा इराणी माणसाने अडवलेली नाही. ती जागा मिळवण्याची वाट आपल्याकडे कोणी बांधलीच नाही. पुण्याने मार्च 2024 मध्ये विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याच संघात शादलुई होता आणि कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. दोघांना एकमेकांची अडचण झाली नाही.

हा विषय मी आमच्या एका प्राध्यापकांपुढे काढला. ते म्हणाले, "अमेरिकेच्या बेसबॉलकडे बघ." बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा दूरचा भाऊबंद, अमेरिकेचा जणू राष्ट्रीय खेळ. परंतु तिथल्या 30 मोठ्या व्यावसायिक संघांतले चौथ्या हिश्शाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले असतात. कोणी जपानी, कोणी क्यूबाचा, कोणी व्हेनेझुएलाचा. सर्वांत जास्त येतात ते डॉमिनिकन प्रजासत्ताक या देशातून, आणि तो देश तर लोकसंख्येने आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा! तिथे सान पेद्रो दे माकोरिस नावाचे गाव आहे. भोवती उसाचे मळे आणि साखर कारखाने. कारखान्यांचे संघ असत, कामगार खेळत, त्यांची पोरे पाहून शिकत. सॅमी सोसासारखा नामांकित फलंदाज तिथूनच निघाला.

ऊस आणि साखर कारखाना म्हटल्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाचे कान टवकारणारच. माझेही टवकारले. आपल्याकडे ऊस आहे, कारखाने आहेत, पोरांच्या अंगात रगही आहे. मग आपले सान पेद्रो का होऊ नये?

पण सरांनी लगेच दुसरी बाजूही दाखवली. अमेरिकन संघांनी त्या देशात प्रशिक्षण केंद्रे काढली आहेत. सोळाव्या वर्षी मुलाशी करार होतो. त्यासाठी मुले शाळा सोडून त्याआधीच मैदानाला जुंपलेली असतात. शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतात थोडे. बाकीचे परत येतात, हातात ना खेळ, ना शिक्षण. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. 2008 साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना एका स्पर्धेतून निवडून पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने करारबद्ध केले. केवढा गाजावाजा झाला! दिनेशला 2010 मध्येच परतावे लागले. रिंकूने आणखी काही वर्षे झुंज दिली, पण सर्वोच्च पातळीवर तोही पोहोचला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

हे ऐकताना मला आमच्या वर्गातला एक मित्र आठवला. उत्तम चढाई करायचा. दुसऱ्या वर्षाला असताना एका मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात गेला, तेव्हा आम्ही त्याला हार घालून एस.टी.त बसवले. आठ महिन्यांनी तो गुडघा बांधून परत आला. परीक्षा बुडाली होती. केंद्रातून कोणी चौकशीही केली नाही. आणि खरे सांगायचे तर आम्ही तरी कुठे केली? हार घालणारे आम्ही पंचवीस होतो. उतरवून घ्यायला स्टँडवर फक्त त्याचे वडील होते. आज तो त्यांच्याबरोबर उसाला पाणी धरतो.

म्हणून मला वाटते, खेळाडू कुठला, हा प्रश्न लहान आहे. त्याला घडवले कोणी आणि तो पडला तर उचलणार कोण, हे प्रश्न मोठे आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर कबड्डीची एक मॅट पसरली जावी. परिसरातल्या साखर कारखान्यांनी एका प्रशिक्षकाचा पगार उचलावा. एवढ्याने त्यांची साखर कडू होणार नाही. आणि खेळासाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून पुसले जाऊ नये. तो परतला तर त्याचे बाक त्याची वाट पाहत असावे. प्राध्यापकवर्गाने एवढे मनावर घ्यावे, ही नम्र विनंती.

एवढे झाले तर उद्या आपला एखादा गडी पुण्याकडून खेळो, पाटण्याकडून खेळो, नाहीतर थेट तेहरानकडून खेळो. पुकारणारा त्याचे गाव सांगेल, आणि गावामागोमाग वस्तादाचे नाव घेताना त्याला अडखळावे लागणार नाही.