जालियनवाला बाग आणि ‘गाफील’ जमाव

‘जमावबंदी असताना लोक बागेत गेलेच कशाला?’ हा प्रश्न आजही शहाजोगपणे विचारला जातो. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरमध्ये दवंडी पिटली गेली खरी, पण शहराच्या मोजक्याच भागांत. वैशाखीसाठी बाहेरगावाहून आलेल्या अनेकांना तिचा पत्ताच नव्हता. डायरने पांगण्याचा इशारा न देता, मुख्य वाटेशी सैनिक उभे करून, सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडवल्या. सरकारी हिशेबाने ३७९ माणसे मेली. रात्री आठनंतर संचारबंदी. अनेक जखमी तिथेच तळमळत राहिले. सावधपणा अफवेपासून, दंगलीपासून वाचवील. इशाराच न देणाऱ्या बंदुकीपुढे तो काय करणार? मृतांना गाफील ठरवणारा मारेकऱ्याचेच वकीलपत्र घेतो.