प्रेक्षक : ग्राहक की सभासद?

व्यापार, शिक्षण अथवा पर्यटन यांच्या निमित्ताने युरोपात जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात अलीकडे एका नव्या स्थळाची भर पडली आहे. संग्रहालये, राजवाडे आणि हिमशिखरे यांच्या जोडीला, मुलांच्या आग्रहास्तव, फुटबॉलचा एखादा व्यावसायिक सामना पाहण्याचे ठरते. दूरदर्शनच्या पडद्यावर सारी मैदाने सारखीच भासतात : तेच हिरवे गवत, तोच जल्लोष. प्रत्यक्ष मैदानात पाऊल ठेवले की देशोदेशींच्या प्रेक्षकांची रीत किती भिन्न आहे हे ध्यानात येते. हा भेद केवळ स्वभावाचा वा हवामानाचा नव्हे. क्लब आपल्या प्रेक्षकाला कोण मानतो, दाम मोजून निघून जाणारा ग्राहक की घरचा सभासद, यावर तो बव्हंशी अवलंबून असतो. पिढ्यानपिढ्या पेढी चालविणाऱ्या घरांना हा प्रश्न परका वाटू नये.

इंग्लंडमधील आजचे मैदान समजून घ्यावयाचे तर १९८९ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या काळी गोलामागील पायऱ्यांवर उभे राहून सामना पाहण्याची प्रथा होती आणि तेथील तिकीट सामान्य कामगारालाही परवडत असे. परंतु अनेक मैदाने जुनाट झाली होती आणि प्रेक्षकांनी आत उतरू नये म्हणून पुढे लोखंडी जाळ्या ठोकलेल्या असत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. आधीच भरलेल्या कप्प्यांत आणखी गर्दी सोडली गेली आणि जाळीपाशी माणसे चिरडली. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेरीस ९७ झाली. दोष प्रथम प्रेक्षकांच्याच माथी मारण्यात आला. मृतांच्या आप्तांनी तब्बल २७ वर्षे चिकाटीने लढा दिला. तेव्हा कोठे २०१६ मध्ये ज्युरीने निर्णय दिला की हे बळी बेकायदा कृत्याचे होते आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात काही वाटा नव्हता.

या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वरच्या श्रेणींतील मैदानांत प्रत्येकास बसावयास आसन असावे असे ठरले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, मैदाने नव्याने बांधली गेली, स्त्रिया व मुले निर्धास्तपणे येऊ लागली. हे सारे स्वागतार्हच होते. मात्र आसने आली तरी दर सामान्यांच्या आवाक्यात ठेवता येतील, असेही टेलर यांनी नमूद केले होते. तेवढा भाग क्लबांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. आज तेथील मोठ्या क्लबांच्या सामन्याचे एक तिकीट बहुधा ५० पौंडांच्या पुढेच जाते. चौघांच्या कुटुंबाने सहज म्हणून सामन्यास जावे, असा तो खर्च राहिलेला नाही.

ग्राहक मानलेल्या या प्रेक्षकाने एकदा आपले बळ दाखवून दिले. लिव्हरपूलने पुढील हंगामासाठी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ वे मिनिट होताच सुमारे दहा हजार प्रेक्षक आसने सोडून बाहेर पडले. त्या वेळी लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. सामना अखेर २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी क्षमा मागून दरवाढ मागे घेतली. ज्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी त्याच मैदानावर हाच संघ पाहिला, त्यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. दुसऱ्या दुकानात जाण्याचा मार्ग साध्या ग्राहकाला मोकळा असतो. या ग्राहकाला तो नसतो. संघ हरला म्हणून कोणी संघ बदलत नाही. अशा बांधल्या गेलेल्या गिऱ्हाईकाकडून किती वसूल करावे, ही मालकाच्या नीतीची परीक्षा असते.

जर्मनीतील चित्र निराळे आहे. तेथे १९९८ मध्ये क्लबांना कंपनीचे स्वरूप घेण्याची मुभा मिळाली, परंतु तीसोबत एक अटही आली. कंपनीतील निम्म्याहून एक मत अधिक, एवढा अधिकार मूळ सभासद-संस्थेकडेच राहिला पाहिजे. ‘पन्नास अधिक एक’ या नावाने हा नियम ओळखला जातो. भांडवल बाहेरून आणावे, परंतु किल्ल्या घरातच ठेवाव्यात, असे त्याचे तात्पर्य होय. बायर्न म्युनिक या बलाढ्य क्लबातही आदिदास, ऑडी व अलियान्झ या तीन कंपन्यांचा मिळून चतुर्थांश हिस्सा आहे. उरलेले तीन हिस्से सभासदांच्या संस्थेचे आहेत. लेव्हरकुसेन व वोल्फ्सबुर्ग यांना उद्योगसमूहांशी असलेल्या जुन्या नात्यामुळे अपवाद म्हणून वगळले आहे आणि त्याबद्दल तेथे वादही चालतो.

या नियमाचे फळ डॉर्टमुंड येथे डोळ्यांनी पाहता येते. त्या मैदानात ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात. त्याच्या दक्षिणेकडील एकाच उतारावर सुमारे २५ हजार माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. सर्वांच्या अंगावर पिवळा रंग, म्हणून त्या उताराला ‘पिवळी भिंत’ असे नाव पडले. तेथे उभे राहण्याचे तिकीट साधारण २० युरोंच्या आसपास असते. विद्यार्थी, कारखान्यातील कामगार आणि डॉक्टर त्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी दिसतात. त्याच जागी आसने बसवून चौपट दर लावणे क्लबाला अशक्य नाही. सभासदांना ते मान्य होणार नाही, एवढेच.

सभासदांचा हा अधिकार केवळ कागदावर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने प्रक्षेपण-हक्कांच्या उत्पन्नातील ८ टक्के वाटा बाहेरच्या गुंतवणूकदारास २० वर्षांसाठी देण्याचे ठरविले. त्यातून शंभर कोटी युरोंपर्यंत रक्कम अपेक्षित होती. प्रेक्षकांनी याचा निषेध मोठ्या कल्पकतेने केला. सामन्याच्या आरंभी काही काळ संपूर्ण मौन पाळावयाचे आणि मग मैदानात टेनिसचे चेंडू व सोनेरी कागदातील चॉकलेटची नाणी फेकावयाची, असा क्रम अनेक आठवडे चालला. सामने पुनःपुन्हा थांबवावे लागले. अखेर २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने तो व्यवहार सोडून दिला.

याची दुसरी बाजूही ताळेबंदात मांडली पाहिजे. बाहेरचा पैसा अडविल्यामुळे उत्पन्नात जर्मन लीग इंग्लंडच्या मागे राहिली. जगातील नामवंत खेळाडू अधिक मोबदल्यासाठी तिकडे जातात. सभासदांची सत्ता असली म्हणून चुरस टिकतेच असेही नाही. २०१३ ते २०२३ या काळात सलग ११ वेळा एकट्या बायर्न म्युनिकनेच विजेतेपद पटकाविले. डॉर्टमुंडचा क्लब तर भागबाजारात उतरूनही २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. नियम कितीही चांगला असला तरी खर्चाचा हिशेब चुकला की पेढी अडचणीत येतेच.

इंग्लंडनेही अलीकडे काही धडे घेतले आहेत. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील १२ श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ची घोषणा केली. त्यांत सहा इंग्लिश क्लब होते. जर्मन क्लब एकही नव्हता. प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोनच दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. २०२२-२३ च्या हंगामापासून तेथे सुरक्षित कठडे असलेल्या जागी उभे राहून सामना पाहण्याची परवानगीही पुन्हा मिळाली. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा संमत केला.

पूर्वेकडे जपानमध्ये प्रेक्षकाच्या नात्याला तिसरेच रूप आले. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली, तेव्हा कंपन्यांच्या नावांऐवजी क्लबांनी आपल्या गावाचे नाव धारण करावे असा आग्रह धरला गेला. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड डायमंड्स झाला. कंपनीच्या चिन्हातील हिरे तेवढे नावात उरले. तेथील प्रेक्षक ढोलाच्या तालावर अखंड गातात आणि सामना संपताच पिशव्या काढून आपल्या भोवतालचा कचरा गोळा करतात. १९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकापासून जगाने हे दृश्य वारंवार पाहिले आहे, पराभवानंतरसुद्धा. मैदान आपले मानले की त्याची स्वच्छताही आपली होते.

सामन्यास जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत विक्री हा गुन्हा आहे. तिकीट क्लबाकडूनच घ्यावे आणि त्यासाठी बहुधा आधी वार्षिक सभासदत्व घ्यावे लागते. हे सभासदत्व केवळ खरेदीचा अग्रहक्क देते, मताचा नव्हे, हाही दोन देशांतील भेदच. यजमान संघाच्या भागात बसून पाहुण्या संघाचा पोशाख घालू नये. बाहेर काढले जाण्याचा संभव असतो. इंग्लंडच्या वरच्या श्रेणींत मैदान दिसेल अशा ठिकाणी मद्य पिण्यास कायद्याने बंदी आहे. जर्मनीत ती नसल्याने उभ्याच्या पायऱ्यांवर बिअरचे पेले सर्रास दिसतात. लहान मुले बरोबर असल्यास बाजूच्या आसनांचे किंवा कुटुंबांसाठी राखलेल्या भागाचे तिकीट काढणे श्रेयस्कर. मोठ्या पिशव्या बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, म्हणून शाकाहारी कुटुंबांनी आधी भोजन उरकून निघावे. इंग्लंडमधील नेल्सवर्थ या छोट्या गावच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानात मात्र ही चिंता नाही. २०१५ पासून तेथे प्रेक्षकांना व खेळाडूंना केवळ वनस्पतिजन्य आहारच मिळतो.

दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांना जर्मनीची ही रीत ऐकून कोल्हापूर आठवेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ उतरतात, तेव्हा त्यांच्या मागे पेठाच्या पेठा उभ्या राहतात. संघाची ओळख मालकाच्या नावाने नव्हे, तर तालमीच्या नावाने होते. घरातील तरुण खेळतो आणि वडीलधारी मंडळी वर्गणी देतात. व्यवहाराची उलाढाल युरोपच्या तुलनेत नगण्य असली, तरी प्रेक्षकाला मिळणारा मान त्याच जातीचा आहे.

व्यापारात जुन्या गिऱ्हाईकाचे मोल नफ्याच्या एका आकड्याने होत नाही, हे जाणत्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको. तीन पिढ्या एकाच दारात येणारा माणूस भाव विचारतो तेव्हा त्यात विश्वासाचाही भाग असतो. परदेशी मैदानात मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी गोलांची मोजदाद त्यांच्यावर सोपवावी आणि स्वतः क्षणभर पायऱ्यांकडे पाहावे. तेथे कोण येऊ शकले आहे, कोणाला येणे परवडलेले नाही आणि आलेल्यांचे म्हणणे ऐकले जाते की नाही, यावरून त्या क्लबाची पत कळते.