पन्नास हजारांवर सही करू नका!

चेन्नईच्या साहुकारपेठेत, मिंट स्ट्रीटवर आणि एलिफंट गेटच्या गल्ल्यांत सोने गाळायची भट्टी लावून बसलेल्या गलाईवाल्या बंधूंनो, त्यांच्या घरातल्या आयाबहिणींनो, आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण तालुक्यांतल्या गावकऱ्यांनो,

आपल्यात एक वाईट चाल पडली आहे. आपला पोरगा रात्री दुकान बंद करून दुचाकीवर निघतो, व्हॅन धडक देते, डोक्याला मार बसतो. आठ-दहा दिवस आयसीयू, मग वॉर्ड. हातपाय शाबूत, तोंडाने बोलतो, माणसे ओळखतो. सगळे म्हणतात, देवाने वाचवले. तेवढ्यात गाडीवाल्याचा माणूस स्टॅम्प पेपर घेऊन हजर. सोबत आपलाच कोणी ओळखीचा. 'कोर्टात दहा वर्षं जातील, परमुलखात भाषा येत नाही, पन्नास हजार घ्या आणि मिटवा.' सही होते, पोराला गाडीत बसवून गावी पाठवतात.

गावी गेल्यावर खरा आजार दिसू लागतो. पोरगा रागाने ताट भिरकावतो. सकाळी जेवला ते दुपारी आठवत नाही. हिशेब जुळत नाही. बायकोला मारतो आणि तासाभराने लहान मुलासारखा रडतो. सात-आठ महिन्यांनी पहिली फिट येते. गाव म्हणते, पोरगं वाया गेलं, दारू पीत असेल. कोणी अंगारा आणतो. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की राग आवरणे, बेत आखणे, परिणामाचा विचार करणे हे सगळे ढासळते, आणि फिट महिन्यांनीच काय, वर्षांनीही येऊ शकते, हे त्याच्या बायकोला दवाखान्यात कोणी सांगितलेले नसते. पन्नास हजार तर कधीच संपलेले असतात.

हात तुटला तर जगाला दिसतो. मेंदू दुखावला तर फक्त घराला दिसतो. गाडीच्या विमा कंपनीचा सगळा डाव या फरकावर चालतो.

कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्याला एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के कमी झाली असे धरा, अमुक बोटाला अमुक टक्के, डोळ्याला तमुक. आठवणीला त्या यादीत आकडा नाही. संयमाला नाही. ज्या डोक्याने माणूस अंगठा चालवतो त्या डोक्याचे काय, हे ठरवायचे डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्यावर सोडले आहे. म्हणून मेंदूच्या दाव्यात भांडण असते ते टक्क्याचे. बाकी आकडे जवळजवळ ठरलेले असतात.

हिशेब करून पाहू. तीस वर्षांचा कारागीर, महिना 20,000 कमाई. वर्षाचे 2,40,000. स्वतंत्र धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवून दिले आहे. झाले 3,36,000. या वयाला 17 चा गुणक. एकूण 57,12,000. कमाईची शक्ती पूर्ण गेली असे ठरले तर फक्त बुडालेल्या कमाईपोटी ही रक्कम. दवाखाना, यातना, सांभाळणारा माणूस हे वेगळे. अपंगत्वाच्या दाखल्यावर 30 टक्के लिहिले आणि आपण गप्प बसलो, तर हेच 17,13,600. चाळीस लाख एका आकड्यात गेले. आता सांगा, पन्नास हजारांचा स्टॅम्प पेपर कोणाच्या सोयीचा?

यावर विमा कंपनीचा वकील म्हणेल, दाखल्यावर 30 आहे ना, मग 30. त्याला 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. शरीराचे अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न, आणि त्या माणसाची त्याच्या धंद्यातली कमाई किती टक्के बुडाली हा दुसरा, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे. आपल्या धंद्याला हे कसे लागू होते ते न्यायाधीशाला समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र आपली. डोक्याच्या मारात वास घेण्याची शक्ती पुष्कळदा जाते. डॉक्टरच्या दृष्टीने ही किरकोळ बाब. पण गलाईवाल्याला तेजाबाची वाफ नाकाने कळली नाही तर तो बंद खोलीत मरेल. मूस भट्टीतून कधी काढायची, सोने किती उतरले, घट किती धरायची, कोणाचा माल कोणत्या पुडीत, हे सगळे स्मरणावर आणि सावधपणावर चालते. दुसऱ्याचे सोने हातात घेणाऱ्या माणसावर विसराळूपणाचा शिक्का बसला की त्याच्याकडे कोण येईल? 30 टक्के अपंगत्व असलेला हा माणूस धंद्यातून शंभर टक्के उठला आहे. हे शेजारच्या भट्टीवाल्याने साक्षीत सांगायला हवे. ती साक्ष द्यायला आपले लोक घाबरतात, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि सांभाळणारीचे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात पडून होत्या. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली, त्याचे महाराष्ट्राने कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण आपल्या घरात तीच सेवा एकटी वहिनी करते. तिला ना शिफ्ट बदलते ना पगार मिळतो. तिच्या श्रमाला किंमत आहे असे आता न्यायालयच म्हणते. हरियाणातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला 2007 च्या अपघातात जबर इजा झाली. मोटार अपघात दावे लवादाने 11 लाखांच्या आसपास दिले, उच्च न्यायालयाने 25 लाखांच्या वर नेले. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम 62,27,000 केली. त्यात दोन सेविकांचे महिना पाच-पाच हजार, 18 च्या गुणकाने, म्हणजे 21,60,000 होते. तेव्हा अर्जात सांभाळणाऱ्याचा खर्च वेगळा मागा. बायको सांभाळते म्हणून तो खर्च शून्य होत नाही.

आता मुदतीचा अन्याय. 1994 साली संसदेने मोटार अपघात दाव्याची मुदत काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली, आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करा असा नियम आहे. सहा महिने! मेंदूचा मार खाल्लेला माणूस तेवढ्या काळात कुठवर सुधारेल आणि कुठे अडकेल हे डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी हाडाच्या फ्रॅक्चरपलीकडे दुखापत पाहिलेली नसावी. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. आधी अर्ज दाखल करा, टक्क्याचा दाखला मागाहून येऊ द्या.

आणि परमुलखाची भीती कशाची? अर्ज अपघात झाला तिथल्या लवादाकडे करता येतो तसाच दावेदार राहतो किंवा धंदा करतो तिथेही करता येतो. चेन्नईत हे दावे स्मॉल कॉजेस कोर्टात चालतात. दावेदार सांगली जिल्ह्यात राहात असेल तर तिथल्या मोटार अपघात दावे लवादापुढे, मराठीत साक्ष देऊन, दावा चालवता येतो. ही तरतूद कायद्यात आहे आणि आपल्यात शंभरातल्या दोघांनाही ती ठाऊक नाही. परभाषेचा बागुलबुवा दाखवून सही घेणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

मात्र कागद चेन्नईतूनच न्यावे लागतील, आणि ते पहिल्या आठवड्यातच गोळा करा. इथे पोलीस पुष्कळदा सी.एस.आर.ची, म्हणजे नुसती तक्रार मिळाल्याची, पावती हातात देऊन वाटेला लावतात. ती एफआयआर नव्हे. एफआयआरची प्रत मागा. सरकारी रुग्णालयात अपघाताची नोंद होते, तिला इथे ए.आर. कॉपी म्हणतात, ती मिळवा. सेंट्रल स्टेशनसमोरच्या राजीव गांधी रुग्णालयात डॉ. बी. रामामूर्ती यांनी 1950 मध्ये मज्जाशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. तिथले उपचार चांगले, गर्दी अफाट, म्हणून कागद आपणच मागून घ्यायचे. दाखल केले तेव्हाचा शुद्धी मोजणारा ग्लासगो आकडा डिस्चार्जच्या कागदावर आहे ना ते पाहा. 15 पैकी 8 किंवा त्याखाली असेल तर इजा गंभीर. 13 ते 15 ला सौम्य म्हणतात, आणि या 'सौम्य'वाल्यांचेच सर्वांत जास्त नुकसान होते, कारण सीटी स्कॅन स्वच्छ येतो आणि सगळे हात झटकतात. तारांसारखे मेंदूतले बारीक धागे ताणले-तुटले तर सीटीत ते दिसतीलच असे नाही, एमआरआय लागतो. त्यापुढे स्मरण, लक्ष, निर्णय यांची रीतसर चाचणी करून घ्या. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेने त्यासाठी चाचण्यांचा संच तयार केला आहे. या चाचणीचा अहवाल नसेल तर 'चिडचिडा झाला' हे बायकोचे म्हणणे कोर्टात तक्रार ठरते, पुरावा ठरत नाही. आणि कमाईचा पुरावा? आपल्याकडे पगाराची चिठ्ठी नसते. मोबाइलवरचे व्यवहार, गावी पाठवलेले पैसे, भट्टीमालकाचे प्रतिज्ञापत्र, काहीही चालेल, पण काहीतरी हवे.

हेल्मेट नव्हते म्हणून हक्क गेला, हेही खोटे. लवाद काही टक्के कापू शकतो, दावा उडवू शकत नाही. (तरीही हेल्मेट घाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने जुलै 2015 पासून इथे ते सक्तीचे झाले आणि आपली पोरे अजून ते हँडलला अडकवून हिंडतात.) गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख मिळतात. 2022 पूर्वी जखमीला 12,500 मिळत, म्हणून सरकार ही वाढ मिरवते. स्वतःच घसरून पडलात तर मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघात विम्याखेरीज हाती काही नाही, तेव्हा पॉलिसी घेताना त्या विम्याचा हप्ता वाचवू नका. पहिल्या 48 तासांचे उपचार तामिळनाडू सरकारच्या डिसेंबर 2021 पासूनच्या योजनेत फुकट आहेत, माणूस कोणत्याही राज्यातला असो. रेशनकार्ड इथले नाही म्हणून कोणी अडवले तर योजनेचे नाव घ्या: 'इन्नुयिर काप्पोम'.

दोष रस्त्याचा असला तर? 12 सप्टेंबर 2019 रोजी चेन्नईत पल्लीकरणै येथे लग्नाचा बेकायदा बॅनर अंगावर पडून तेवीस वर्षांची इंजिनियर मुलगी स्कूटरवरून पडली आणि टँकरखाली गेली. मद्रास उच्च न्यायालयाने राज्याला पाच लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी मृत्यूला 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख असा दर ठरवला. पालिकेला जबाबदार धरले हे उत्तम. पण ज्याचा मेंदू खड्ड्याने नेला त्याला अडीच लाख कुठवर पुरणार?

तुलनेला चेन्नईचेच उदाहरण आहे. एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये अवेळी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी वेळेवर झाली नाही आणि दृष्टी गेली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कुटुंबाला सुमारे 1 कोटी 80 लाख दिले, आणि पुढच्या उपचारांचा खर्च मोजताना महागाईही धरली. ग्राहक आयोगाने आधी दिले होते 5 लाख. जे तत्त्व डोळ्यांना लावले तेच मेंदूला का नको?

आमचा सर्वांत मोठा आक्षेप संसदेवर आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. अपघाताने झालेली मेंदूची इजा त्यांत स्वतंत्र नावाने नाही. मग कोणी तिला मानसिक आजारात बसवतो, कोणी बौद्धिक अपंगत्वात, कोणी जुनाट मज्जाविकारात, आणि प्रत्येक खान्यात टक्का थोडा थोडा गळतो. 2022 साली एकट्या तामिळनाडूत 64,105 रस्ते अपघात झाले, देशात सर्वांत जास्त. याच राज्याने 2023 पासून मेंदू मृत झाल्यावर अवयवदान करणाऱ्याला शासकीय इतमामाने निरोप द्यायला सुरुवात केली. त्या दात्यांना आमचाही नमस्कार. पण मेंदू जखमी होऊन जो जिवंत राहिला त्याला सरकारच्या यादीत साधे नाव मिळू नये?

म्हणून आम्ही मागतो. सहा महिन्यांची मुदत मेंदूच्या दुखापतीला लागू नसावी. मेंदूच्या इजेला कायद्यात स्वतंत्र नाव मिळावे. लवादाने स्मरण-निर्णयाच्या चाचणीशिवाय टक्का ठरवू नये. आणि माणूस कोमात असेल तर बायकोला त्याच्या बँकेतल्या पैशासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. मे 2024 मध्ये चेन्नईच्याच एका स्त्रीला नवऱ्याची पालक म्हणून नेमून घेण्यासाठी आधी नकार ऐकावा लागला आणि मग मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील करावे लागले, कारण अशा माणसासाठी सरळ कायदाच नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या दलालाला निम्मी रक्कम लिहून देऊ नका. स्त्रिया, मुले, अपंग आणि कामगार यांना वकील सरकार फुकट देते. विधी सेवा प्राधिकरणाचा देशभरचा फोन 15100. अपघाताची तारीख आज कागदावर लिहा, तिच्यात सहा महिने मिळवा, आणि ती दुसरी तारीख पोराच्या बायकोच्या, आईच्या, भावाच्या मोबाइलवर पाठवा. स्टॅम्प पेपर घेऊन कोणी आलाच तर त्याला हे पत्रक वाचायला द्या.